पेटती ट्यूब कधी बदलायची

"ही मेली," मामा म्हणाला.

ट्यूब चांगली लख्ख पेटलेली होती. मी खाली स्टूल धरून उभी होते आणि वर बघताना माझे डोळे दिपत होते.

"मामा, चालू आहे की ती."

"चालू असणं वेगळं, उजेड देणं वेगळं. कितीदा सांगायचं तुला? नवी काढ खोक्यातनं."

"सात आठवड्यांपूर्वी तर बसवलीस. तेव्हा पण मीच स्टूल धरलं होतं."

"मग आता पण तेवढंच कर. ट्यूबांचं मी बघतो."

मी नवी ट्यूब वर दिली. त्यानं जुनी काढून माझ्या हातात दिली, नवी बसवली, खाली उतरला आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं. मग मान हलवली. समाधान झालेलं नव्हतं.

"ह्या लॉटचाच माल खराब," तो म्हणाला. "उरलेल्या पाच पण बदलू."

तीन वर्षं झाली याला. तेव्हा मी सोळाची होते आणि मिरजेला मामाकडं राहत होते. शाळा नववीतच सुटलेली. गणिताच्या सरांनी डस्टर फेकून मारला, मी तो उचलून परत फेकला. माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला होता. त्यानंतर इचलकरंजीत आमच्या घरात रोज एकच विषय, हिचं करायचं काय. पप्पा म्हणायचे परत शाळेत नाव घाला, आत्या म्हणायची शिवणकामाला बसवा. मी दोघांवर ओरडायचे आणि दार आपटायचे. एका दिवाळीत मामा आला, दाराची खिळखिळी झालेली बिजागरी बघितली आणि आईला म्हणाला, "माझ्याकडं दे हिला. झाडांना कुणीतरी पाहिजेच आहे."

मामा म्हणजे गजानन सावर्डेकर. चौतीस वर्षं रेल्वेत, त्यातली शेवटची सोळा पॅसेंजर गाडीचा ड्रायव्हर. मिरजेत त्याला अजून सगळे सावर्डेकर ड्रायव्हरच म्हणतात. रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं फ्लॅटची आतली खोली रिकामी केली. त्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते, ऊन कधी येतच नाही. तिथं त्यानं तीन फळ्यांचा लोखंडी रॅक आणला, प्रत्येक फळीवर दोन लांब ट्यूबा बसवल्या, टायमर लावला आणि आफ्रिकन व्हायोलेट वाढवायला लागला. मऊ लव असलेल्या पानांची, तळहाताएवढी झाडं. निळी, पांढऱ्या किनारीची फुलं. रेल्वेतल्या, नाशिकच्या एका गार्डनं त्याला एक पान दिलं होतं, नुसतं पान, ते त्यानं मातीत खोचलं. मी आले तोवर त्याच्या बावन्न कुंड्या झाल्या होत्या.

मला ती खोली आवडायची. तिथं मला कुणी काही विचारत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यानं मात्र विचारलं होतं, "हर्षदे, सांग बघू, ट्यूब कधी बदलायची?"

"बंद पडल्यावर."

तो एवढा हसला की विमलमामी स्वयंपाकघरातनं बघायला आली.

"बंद पडायची वाट बघितलीस तर आधी झाड बंद पडेल," तो म्हणाला. "ट्यूब रोज जराजराशी उतरत जाते. आपल्याला कळत नाही, कारण डोळा सवय करून घेतो. कळतं ते झाडाला. त्याचे देठ लांब होतात, पानं वर उठतात, उजेडाला हात पसरल्यासारखी. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून डोळ्याला विचारायचं नाही. तारखेला विचारायचं."

प्रत्येक ट्यूबच्या टोकाला काळ्या मार्करनं तारीख घातलेली असायची. रोजचे बारा तास धरले तर एक वर्ष झालं की ट्यूब बदलायची, कितीही चांगली दिसू दे. आणि एका फळीवरच्या दोन्ही एकदम कधी बदलायच्या नाहीत. एक आज, दुसरी महिन्यानं. झाडाला एकदम जास्त उजेड सोसत नाही. हे सगळं तो इंजिनाबद्दल बोलल्यासारखं बोलायचा. मला पटलं होतं. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर मी बसले असते कदाचित.

आणि आता तोच माणूस वर्षाच्या आत तिसऱ्यांदा सगळ्या ट्यूबा बदलत होता. दिवाळीला बदलल्या, संक्रांतीला बदलल्या, आणि आता होळीच्या आधी परत. सहाच्या सहा, एका दिवसात.

झाडं बिघडली होती. पानांच्या कडा पांढुरक्या पडलेल्या, पानं खाली वळून कुंडीला धरून बसलेली, आणि मधला कोवळा भाग आवळलेल्या मुठीसारखा घट्ट. एकालाही फूल नाही.

"मामा, हा जास्त उजेडाचा त्रास आहे," मी म्हटलं. "तूच शिकवलंस. कमी असला तर पानं वर उठतात. ही खाली गेलीत."

"तू पाणी जास्त घालतेस."

"मी मोजून घालते!"

"ओरडू नकोस."

"मग खोटं बोलू नकोस!"

मामी दारात येऊन उभी राहिली. "अगं, मोठ्या माणसाशी असं बोलतात का?"

मी हातातली ट्यूब जोरात खाली ठेवली. ती फुटली नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी मामानं मला आणखी दोन आणायला पाठवलं. दुकान निसारभाईंचं, स्टेशन रोडला. असल्या ट्यूबा आता मिळत नाहीत, सगळीकडं एलईडी. निसारभाई मामासाठी गोडाऊनमधनं शोधून ठेवायचे.

"काय भाचीबाई," ते म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब ट्यूबा खातात का काय आता? पूर्वी वर्षातनं एकदा यायचे."

"माल खराब आहे म्हणतात तुमचा."

"माझा?" त्यांनी दुकानाच्या छताकडं बोट केलं. "ही वरची बघ. त्याच खोक्यातली. दीड वर्ष झालं. खराब दिसते का?"

दिसत नव्हती.

कुंड्याही पडायला लागल्या होत्या. महिन्यात तीन. प्रत्येक वेळी मामा म्हणायचा, हर्षदा कडेला ठेवते. मी कडेला ठेवत नव्हते. तिसरी पडली तेव्हा मी झाडलोट करताना एक गोष्ट बघितली, की तिन्ही रॅकच्या डाव्या टोकाच्या होत्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मी फक्त भांडायला एक मुद्दा म्हणून तो लक्षात ठेवला.

मग एका बुधवारी मामाची सगळ्यात जुनी कुंडी पडली. नाशिकच्या पानाची, सगळ्यांची आई. फुलायची तेव्हा निळं फूल, पांढरी किनार. सकाळी दहाची वेळ. मामा रॅकसमोर उभा राहून झारीनं पाणी घालत होता, मी त्याच्या मागं माती कालवत होते. तो वळला, डावं कोपर लागलं, कुंडी खाली. झाड मुळापासनं तुटलं.

त्यानं झारी खाली ठेवली.

"ही इथं कुणी ठेवली?"

"तिथंच असते ती! मी आले तेव्हापासनं तिथंच आहे! तुझंच कोपर लागलं."

"मी बघून वळलो. इथं काही नव्हतं."

"मामा, मी बघत होते."

"तू काय बघतेस मला माहीत आहे." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "झाडं मारलीस तू माझी. पाणी घालून घालून मारलीस, आणि आता पाडून. रविवारी इचलकरंजीची एसटी पकड. तुझ्या पप्पांना मी फोन करतो."

माझं डोकं तापलं. मी मातीचे हात तसेच घेऊन उठले. त्याच्या डाव्या बाजूला गेले. काय करणार होते ते मला आता खरंच सांगता येत नाही. ओरडायला गेले असेन, धक्का द्यायलासुद्धा. हात उचलला, आणि उचललेला हात त्याच्या गालापाशी, वीतभर अंतरावर थांबवला.

त्यानं पापणी हलवली नाही.

तो समोर रॅककडं बघत होता आणि माझा हात त्याच्या डोळ्याशेजारी हवेत होता. बोटांवरची माती त्याच्या खांद्यावर पडली. मी हात हलवला. काही नाही.

"मामी!" मी ओरडले. "मामी, इकडं ये!"

मामा दचकून वळला आणि तेव्हा कुठं त्याला माझा हात दिसला. त्याला कळलं. मला त्याच्या तोंडावरनं दिसलं की त्याला कळलं.

"काय झालं?" मामी हात पुसत आली.

"मामाला डाव्या बाजूचं दिसत नाही."

"काहीतरीच बोलू नकोस," मामा म्हणाला.

"अगं, गेल्या वर्षी शिबिरात तपासले की त्यांचे डोळे," मामी म्हणाली. "सगळ्या ओळी वाचल्या त्यांनी. त्या पोराला म्हणे, अजून लावा तक्ते, वाचतो. ड्रायव्हरचे डोळे आहेत ते."

"मग दवाखान्यात चला. मोठ्या."

"कशाला?" मामा म्हणाला.

"मला घालवायचंय ना? डॉक्टर म्हणू देत डोळे चांगले आहेत, मी स्वतः एसटीत बसते. शाळेत नाव पण घालते. पप्पांच्या पाया पडते. पण डॉक्टर वेगळं बोलले तर मी काही पाडलं नाही, आणि काही मारलं नाही."

मामी माझ्याकडं बघतच राहिली. शाळेचं नाव मी आपणहून काढलं होतं.

मामा हसला. "शाळेत पण? ठरलं तर मग. उद्याच जाऊ."

तो एवढ्या सहज तयार झाला की मलाच वाटलं, माझं चुकलं. घरी जायची तयारी मी मनातल्या मनात करायला लागले. रात्री झोपायच्या आधी झाडांच्या खोलीत जाऊन एकदा बघून आले.

गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मामा-मामी स्कूटरवर, मी मागनं रिक्षानं. आधी एका अरुंद खोलीत एका ताईनं मामाला खुर्चीत बसवलं. मामी दाराबाहेर बाकड्यावर बसली. मी आत भिंतीला टेकून उभी राहिले. ताईच्या हातात रिमोट होता आणि समोर पडद्यावर अक्षरं यायची.

"काका, इंग्रजी वाचता ना? आधी डावा डोळा झाका. उजव्यानं वाचा."

मामानं तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला. वरच्या मोठ्या अक्षरापासनं सुरू केलं. हळू वाचत होता, पण बरोबर. शेवटनं दुसऱ्या ओळीपर्यंत आला.

"छान. आता उजवा झाका."

मामानं हात बदलला आणि ताईनं रिमोटचं बटण दाबलं.

"ई," मामा म्हणाला. "एफ, पी. टी, ओ, झेड." आधीपेक्षा भरभर. पुढची ओळ. त्याच्या पुढची. पाचव्या ओळीत तो जरा अडखळला, मान पुढं केली, "पी... नाही, एफ," म्हणाला आणि पुढं गेला. चांगलं केलं होतं त्यानं ते. मी पडद्याकडं बघत नसते तर मला खरंच वाटलं असतं.

"बघ, कसं धडाधड वाचतात," बाहेरनं मामीचा आवाज आला.

पडद्यावर आकडे होते. चार, सात, दोन. सगळे आकडे.

ताईनं पडद्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काका," ती हळू म्हणाली, "आकडे आहेत समोर."

मामाचा तळहात उजव्या डोळ्यावर तसाच राहिला. दुसरा डोळा उघडा होता आणि पडद्याकडं रोखलेला होता.

"असं," तो म्हणाला.

पुढचं दोन तास चाललं. थेंब घातले, दाब मोजला, एका मशीनमध्ये डोकं घालून बसवलं आणि ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. मामा बराच वेळ बटण दाबत नव्हता. मग आम्हाला डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. वयस्कर होत्या, बोलायला एकदम सरळ.

"काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलेला आहे. उजव्याचं मधलं दिसतं, कडा गेल्यात. म्हणून तुम्हाला सगळीकडं उजेड कमी वाटतो."

"म्हणजे ट्यूबा?" मामी म्हणाली.

"कसल्या ट्यूबा?"

मी सांगितलं. दिवाळी, संक्रांत, होळी. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. "तुमच्या ट्यूबांना काही झालेलं नसणार," त्या म्हणाल्या.

"पण औषधानं येईल ना परत?"

"गेलेलं येत नाही. उजव्यात जे राहिलंय ते राखायचं. थेंब रोज, एक दिवस चुकवायचा नाही. आणि गाडी चालवायची नाही."

"आत्ताच झालं असेल हो हे," मामी म्हणाली. "गेल्या दिवाळीपर्यंत चांगलं होतं सगळं."

"उजव्याचं जाणवायला लागलं असेल दिवाळीपासून. डावा जुना आहे. चार वर्षं तरी झाली असतील त्यानं नीट दिसेनासं होऊन. जास्तच, कमी नाही." त्यांनी मामाकडं बघितलं. "तुम्हाला कळलं असणार. काय काम करत होता?"

मामानं डोळ्यातनं ओघळलेले थेंब पुसले.

"रेल्वेत ड्रायव्हर," मामी म्हणाली. नेहमी म्हणते तशीच, मान जरा वर करून.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "रिटायर कधी झालात?"

"दोन वर्षं झाली की," मामी म्हणाली आणि कागद पिशवीत घालायला लागली.

गणितात मी कच्ची. पण चारातनं दोन गेले की किती राहतात ते मला येत होतं. मी मामाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. पूर्ण मान वळवून, उजव्या डोळ्यानं.

डॉक्टरबाईंनी थेंबांचं नाव लिहिलं, पुढची तारीख लिहिली.

बाहेर आल्यावर मामी म्हणाली, मी औषधं घेऊन रिक्षानं येते. मामानं खिशातनं स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. मला लायसन नव्हतं. येत मात्र होती, इचलकरंजीत पप्पांची चोरून चालवायचे. तो मागं बसला.

रेल्वे फाटक लागलं तेव्हा ते बंद होत होतं. मी इंजिन बंद केलं. ऊन होतं. आमच्या आजूबाजूला दोन रिक्षा, एक ट्रॅक्टर.

"मामा."

"हं."

"शेवटची दोन वर्षं कशी चालवलीस?"

मी आरशात बघितलं, त्यात त्याचा फक्त खांदा दिसत होता.

"सिग्नल मोठ्यानं पुकारायचा असतो," तो म्हणाला. "दोघांनी. ड्रायव्हरनं आणि असिस्टंटनं. नियम आहे. एकानं पुकारला की दुसऱ्यानं तोच म्हणायचा. माझा असिस्टंट चांगला होता, लांबनंच बघायचा. तो आधी पुकारायचा. मी मागनं."

"त्याला माहीत होतं?"

"कधी विचारलं नाही त्यानं."

"आणि तपासणी?"

"आत्ता बघितलीस की. फक्त तिथं आकडे लावले नाहीत कुणी."

"गाडीत किती माणसं असायची रे?"

"हर्षदे."

"सांग की."

"बाराशे. सणाला जास्त."

मी पुढं बघत राहिले. माझ्या तोंडात खूप काही आलं होतं. एरवी मी ते सगळं बोलून टाकलं असतं, रिक्षावाल्यांसमोर, मोठ्यानं.

"काही झालं नाही," तो म्हणाला. "एकदा पण नाही." मग थोड्या वेळानं, "हे मी रोज म्हणतो."

लांबनं गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"रविवारी जाऊ नकोस," मामा म्हणाला.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "पण त्यासाठी ठेवून घेत असशील तर नको ठेवू. मी जाते."

गाडी आली. बोलून उपयोग नव्हता, काही ऐकू आलं नसतं. एकेक डबा समोरनं गेला. दारात बसलेली माणसं, खिडकीतनं बाहेर काढलेला एक हात, पाण्याची बाटली. शेवटचा डबा गेला आणि आवाज कमी होत गेला.

"सांगायचं तर सांग," मामा म्हणाला. "मामीला सांग. त्या असिस्टंटचं नाव नको, बाकी कुणालाही सांग. तरी राहा."

फाटक वर जायला लागलं. मी स्कूटर सुरू केली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला, मला शिवी द्यायची होती पण दिली नाही. ह्या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं.

"मोकळं आहे," मी मोठ्यानं म्हटलं.

"मोकळं आहे," मामा मागनं म्हणाला, आणि मी गाडी पुढं काढली.